एक खोली, दोन पावत्या

२८ ऑगस्ट २०१५ ची रात्र होती. दुसऱ्या दिवशी सिंहस्थाची पहिली पर्वणी होती आणि पंचवटीतल्या एका भक्तनिवासाच्या काउंटरवर दोन कुटुंबे उभी होती, एक जळगावकडचे आणि दुसरे सोलापूरकडचे. दोघांच्याही हातात वेबसाइटवरून छापून आणलेली पावती होती. दोन्ही पावत्यांवर खोली क्रमांक २०९ होता, तारीख तीच होती आणि पैसे दोघांनीही पूर्ण भरलेले होते. व्यवस्थापक काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण प्रश्न असा होता की त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते म्हणाले, "अहो, दोन्ही पावत्या तुमच्याच वेबसाइटच्या आहेत. यातल्या कोणाला मी परत पाठवू, ते तुम्हीच सांगा." सोलापूरच्या कुटुंबात दोन वर्षांचे मूल होते. शेवटी काकांनी स्वतःची विश्रांतीची खोली त्यांना दिली आणि ते रात्रभर काउंटरमागच्या बाकावर बसून राहिले.

ती वेबसाइट मी लिहिली होती. नाशिकमध्ये सर्व्हरकडचा कोड लिहिण्याचे काम मी त्याआधीपासून करत आहे आणि आता २०२७ च्या सिंहस्थासाठी त्याच भक्तनिवासाची प्रणाली मी नव्याने लिहीत आहे. जुना कोड समोर ठेवून ओळ न् ओळ वाचताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. त्या रात्री वेबसाइट तीन वेळा बंद पडली होती, ती ज्या कारणांनी संथ झाली आणि ज्या कारणांनी असुरक्षित होती, ती कारणे वेगवेगळी नव्हती. एका अनोळखी विनंतीने, म्हणजे ब्राउझरने पाठवलेल्या एखाद्या मागणीने, सर्व्हरकडे किती मागावे आणि तिच्या सांगण्यावर सर्व्हरने कितपत विसंबावे, हे मी कोठेच ठरवलेले नव्हते. म्हणून वेग आणि सुरक्षितता ही दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवली जातात, तेव्हा मला ते पटत नाही.

आधी त्या दोन पावत्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही चूक आजही मला इतरांच्या कोडमध्ये वरचेवर दिसते. माझ्या कोडचे तीन टप्पे होते. २०९ क्रमांकाची खोली त्या रात्री मोकळी आहे का, हे डेटाबेसला विचारायचे; मोकळी असेल तर यात्रेकरूला पैसे भरण्याच्या पानावर पाठवायचे; आणि पैसे जमा झाल्याचा निरोप आला की बुकिंगची नोंद करायची. वाचताना यात काहीच खटकत नाही. परंतु पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये दोन-तीन मिनिटे जातात, कारण माणूस कार्ड शोधतो, ओटीपीची वाट पाहतो, चुकला तर पुन्हा टाकतो. त्या मिनिटांत दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या माणसाने तोच प्रश्न विचारला, तर त्यालाही "मोकळी आहे" हेच उत्तर मिळते. दोघांनाही मिळालेले उत्तर त्या त्या क्षणी खरेच होते. चूक माझी अशी की, एका क्षणी खरे असलेले उत्तर तीन मिनिटांनंतरही खरे असेल असे मी गृहीत धरले.

काकांच्या काउंटरवर तेव्हाही लाल कापडी बांधणीची नोंदवही होती आणि तिच्यात असा गोंधळ वर्षानुवर्षे कधी झाला नव्हता. वही एक आणि पेन एक. काका ओळीवर बोट ठेवत, रकाना रिकामा आहे हे पाहत आणि बोट न उचलता तिथेच नाव लिहीत. पाहणे आणि लिहिणे ही त्यांची एकच कृती होती. कोडमध्ये मी त्या एका कृतीचे दोन तुकडे केले होते आणि मधल्या फटीतून दुसरे कुटुंब आत आले.

नव्या प्रणालीत याची दुरुस्ती कोडपासून नव्हे, तर डेटाबेसच्या रचनेपासून सुरू होते. एका खोलीची एक रात्र म्हणजे टेबलमधली एक ओळ, आणि खोली क्रमांक व रात्र या जोडीवर युनिक की, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम. तीन रात्रींचा मुक्काम असेल तर तीन ओळी. मग माझ्या कोडमध्ये उद्या काहीही चुकले, एखाद्या नव्या सहकाऱ्याने तपासणी करणारी ओळ चुकून काढून टाकली, तरी त्याच खोलीची त्याच रात्रीची दुसरी नोंद डेटाबेस स्वतः नाकारतो. रद्द झालेले बुकिंग त्याच टेबलमध्ये खूण करून ठेवायचे नाही, तर ती ओळ इतिहासाच्या वेगळ्या टेबलमध्ये हलवायची, म्हणजे की मोकळी होते.

दुसरा भाग असा की, खोली पैसे आल्यावर नव्हे, तर पैसे मागण्याआधी धरून ठेवायची. यात्रेकरूने "बुक करा" हे बटण दाबताच ती ओळ "धरलेली" या स्थितीत लिहिली जाते आणि तिच्यावर दहा मिनिटांची मुदत असते. मुदत उलटली आणि पैसे आले नाहीत, तर पुढच्या माणसाला ती खोली घेता येते. परंतु तेव्हाही आधी विचारून मग बदल करायचा नाही. "या ओळीची मुदत संपलेली असेल आणि पैसे आलेले नसतील, तरच ती माझ्या नावावर कर" अशी एकच अपडेट क्वेरी, म्हणजे नोंद बदलण्याची आज्ञा, डेटाबेसला द्यायची आणि किती ओळी बदलल्या ते पाहायचे. उत्तर एक आले तर खोली मिळाली, शून्य आले तर दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. काकांचे बोट आणि पेन यांची सांगड पुन्हा जुळली ती इथे.

जिथे एका क्वेरीत काम भागत नाही तिथे ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळ्या पूर्ण होतील किंवा एकही होणार नाही असा क्वेरींचा गट, लागते, आणि इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ट्रान्झॅक्शन सुरू केले म्हणजे वाचलेली ओळ आपोआप कुलूपबंद होते असे अनेकांना वाटते. मी वापरतो त्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत तसे होत नाही. साधे सिलेक्ट, म्हणजे वाचण्याची क्वेरी, एका ठरावीक क्षणाचे चित्र वाचते आणि कोणालाही अडवत नाही. ओळ अडवून ठेवायची असेल तर सिलेक्टच्या शेवटी "फॉर अपडेट" लिहावे लागते. तसे लिहिले की पुढचा प्रश्न उभा राहतो. एखादी दिंडी चार खोल्या एकदम मागते. तिने २०९ पासून सुरुवात केली, दुसऱ्या गटाने त्याच खोल्यांची २१२ पासून केली, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात आणि डेटाबेसला त्यातले एक ट्रान्झॅक्शन मोडावे लागते. उपाय साधा आहे: मागणी कोणत्याही क्रमाने आली तरी खोल्या नेहमी चढत्या क्रमानेच धरायच्या. शिवाय कुलपासाठी वाट पाहण्याची मूळ मर्यादा ५० सेकंद असते, आणि काउंटरसमोर किंवा मोबाइलसमोर उभा असलेला माणूस एवढा वेळ थांबत नाही. मी ती मर्यादा ३ सेकंदांवर आणली आहे. सर्वांत महत्त्वाचे, ट्रान्झॅक्शन उघडे असताना बाहेरच्या कोणत्याही सेवेला हाक मारायची नाही, मग ती बँक असो वा एसएमएस.

एसएमएसचा विषय निघालाच आहे, तर त्या रात्री वेबसाइट बंद का पडली तेही सांगतो. बुकिंगची नोंद झाली की त्याच विनंतीच्या ओघात माझा कोड एसएमएस पाठवणाऱ्या सेवेशी संपर्क साधत असे आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबत असे. एरवी ते उत्तर लगेच येई. पर्वणीच्या आदल्या रात्री त्याला आठ सेकंद लागू लागले. माझा कोड पीएचपी या भाषेत आहे आणि सर्व्हरवर तिचे २० वर्कर होते; एक वर्कर एका वेळी एकच विनंती हाताळतो. प्रत्येक वर्कर आठ सेकंद नुसता वाट पाहत बसला, तर सगळे मिळून सेकंदाला अडीच विनंत्याच पूर्ण करू शकतात. प्रोसेसर रिकामा होता, मेमरी शिल्लक होती, आणि तरीही बाहेरच्या माणसाला पांढरे पान दिसत होते. मी घाईने वर्करची संख्या ६० केली. मग मेमरी संपली, सर्व्हर मेमरीतला मजकूर संथ डिस्कवर हलवू (स्वॅप करू) लागला आणि डेटाबेसही संथ झाला. एका वर्करला लागणारी मेमरी गुणिले वर्करची संख्या, हा साधा गुणाकार मी त्या घाईत केला नाही.

मला तेव्हा असे वाटत होते की पीएचपीची ३० सेकंदांची कालमर्यादा अशा अडकलेल्या विनंत्या आपोआप तोडेल. लिनक्सवर ती मर्यादा केवळ कोडच्या स्वतःच्या चालण्याचा वेळ मोजते. नेटवर्कवर किंवा डेटाबेसच्या उत्तरासाठी वाट पाहण्यात गेलेला वेळ तिच्यात धरलाच जात नाही. बाहेरच्या सेवेशी बोलण्यासाठी कर्ल हे साधन वापरले तर त्याच्याही मूळ सेटिंगमध्ये एकूण वेळेला मर्यादा नसते. म्हणजे मी लावलेले कुलूप भलत्याच दाराला होते. आता प्रत्येक बाहेरच्या संपर्काला जोडणीसाठी दोन सेकंद आणि एकूण पाच सेकंद, अशी मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते आणि वर्कर सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या पातळीवर विनंती तोडण्याची वेगळी मर्यादा असते. एसएमएस तर विनंतीच्या ओघातून काढूनच टाकला आहे. बुकिंगच्या ट्रान्झॅक्शनमध्येच "अमुक क्रमांकावर निरोप पाठवायचा आहे" अशी एक ओळ रांगेच्या टेबलमध्ये लिहिली जाते आणि पार्श्वभूमीवर चालणारा वेगळा प्रोग्रॅम ती रांग उपसत राहतो. एसएमएस पाच मिनिटे उशिरा गेला तर कोणाचे बिघडत नाही.

दुसरे कारण खोल्यांच्या कॅलेंडरचे पान होते. ३६ खोल्या आणि ३१ दिवस, आणि मी लिहिलेला लूप प्रत्येक खोलीच्या प्रत्येक दिवसासाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न विचारत होता. एका पानासाठी १११६ क्वेरी. माझ्या लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असल्यामुळे हे पान झटकन उघडत असे आणि म्हणून ते कधी खटकले नाही. आता तेच पान एका क्वेरीत तयार होते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भरलेल्या सर्व ओळी एकदाच आणायच्या आणि तक्ता पीएचपीच्या ॲरेमध्ये मांडायचा. तारखांची मर्यादाही सर्व्हरच ठरवतो. पूर्वी पत्त्यातली तारीख बदलून कोणीही दहा वर्षांचे कॅलेंडर मागू शकत असे, आणि असे एकच पान वारंवार मागून वेबसाइट बंद पाडणे कोणालाही शक्य होते. आता ६२ दिवसांपेक्षा जास्त मागितले तर सर्व्हर ते नाकारतो. पान वेगाने उघडावे म्हणून लिहिलेली ही ओळ सुरक्षिततेचीही आहे.

इंडेक्सबद्दल, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेस ठेवतो त्या सूचीबद्दल, बोलताना मी नव्या मुलांना सातबाऱ्याचे उदाहरण देतो. उतारा ऑनलाइन काढताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी गट क्रमांक निवडावा लागतो. निफाड तालुक्यातले गाव माहीत असेल आणि गट क्रमांक माहीत नसेल, तर निदान गावापर्यंत पोचता येते. परंतु नुसता गट क्रमांक ११२ माहीत असून काही उपयोग नाही, कारण तो गावोगावी असतो. अनेक स्तंभांवरचा इंडेक्सही असाच डावीकडून उजवीकडे वापरला जातो. खोली आणि तारीख या क्रमाने तो बांधला असेल, तर "या तारखेला कोणत्या खोल्या भरलेल्या आहेत" या प्रश्नाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी तारीख आधी हवी. तसेच, क्वेरीच्या अटीत तारखेच्या स्तंभाभोवती एखादे फंक्शन गुंडाळले, की त्या स्तंभाचा साधा इंडेक्स निरुपयोगी होतो. बुकिंगच्या वेळेतून तारीख काढून ती २९ ऑगस्टशी ताडून पाहण्याऐवजी "२९ च्या मध्यरात्रीपासून ३० च्या मध्यरात्रीच्या आतले" अशी अट लिहावी. दोन्हींचे उत्तर एकच येते, पण पहिली पद्धत सगळे टेबल चाळते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर क्वेरीच्या आधी "एक्सप्लेन" लिहावे. मग डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते सांगतो. संथ क्वेरींची नोंद ठेवणाऱ्या मायएसक्यूएलच्या स्लो क्वेरी लॉगची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. ती तशीच ठेवली तर तो लॉग कायम कोराच राहतो आणि आपण निश्चिंत होतो. मी ती अर्ध्या सेकंदावर ठेवतो.

आता त्या घटनेकडे येतो, जिचा मला आजही सर्वाधिक खेद वाटतो. सिंहस्थ संपल्यानंतर एका यात्रेकरूने मला अत्यंत सभ्य भाषेत ईमेल लिहिला. त्याच्या पावतीच्या पत्त्यात शेवटी क्रमांक होता, समजा १०४३. त्याने तो १०४४ केला आणि त्याच्यासमोर एका अनोळखी बाईंचे नाव, मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्राचे छायाचित्र आले. त्याने लिहिले होते, "मी पुढचे काही पाहिले नाही, पण कोणीही पाहू शकेल. कृपया लगेच बंद करा." लॉगइन केले आहे का, हे माझा कोड तपासत होता, परंतु लॉगइन केलेल्या माणसाची ही पावती आहे का, हे तपासत नव्हता. सुरक्षिततेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था वेबसाइटमधल्या प्रमुख धोक्यांची यादी प्रसिद्ध करते, आणि तिच्या २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या त्रुटींनाच पहिले स्थान दिलेले आहे. मला त्यात काहीच आश्चर्य वाटले नाही. ही चूक कोणत्याही तपासणी साधनाला सहज सापडत नाही, कारण कोड व्याकरणाने बरोबर असतो, पान व्यवस्थित उघडते, आणि कोणाची कोणती पावती हे फक्त त्या व्यवसायाला ठाऊक असते.

नव्या कोडमध्ये पावती केवळ क्रमांकाने आणणारे फंक्शनच नाही. पावती आणायची तर क्रमांक आणि मागणाऱ्याची ओळख, दोन्ही द्यावे लागतात आणि दोन्ही क्वेरीच्या अटीतच जातात, त्यामुळे दुसऱ्याची पावती डेटाबेसमधून बाहेर येतच नाही. लॉगइनशिवाय उघडणाऱ्या दुव्यात अनुक्रमांकाऐवजी १६ यादृच्छिक बाइट्सचा संकेत असतो. ओळखपत्रांची छायाचित्रे सुरुवातीला वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवली, त्यांची मूळ नावे पुसून नवी दिली, आणि फाइल खरोखर चित्रच आहे का हे तिच्या नावावरून नव्हे, तर आतल्या मजकुरावरून पाहिले जाऊ लागले.

त्याही पुढे जाऊन आम्ही काकांशी बसून विचार केला की ही छायाचित्रे ठेवायची कशासाठी. ते म्हणाले, "मला माणूस दारात आल्यावर कार्ड डोळ्यांनी बघायचे असते. ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कशाला हवे?" तेव्हापासून आधारचे फक्त शेवटचे चार अंक घेतले जातात आणि मुक्काम संपल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर तेही पुसले जातात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला आणि वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. लहान भक्तनिवासाला हे लागू नाही, असे समजून चालणारे माझ्या ओळखीत बरेच जण आहेत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी त्या बाईंच्या जागी स्वतःच्या आईला ठेवून पाहावे.

एसक्यूएल इंजेक्शनवर, म्हणजे फॉर्ममध्ये भरलेल्या मजकुरातून डेटाबेसची क्वेरीच बदलण्याच्या हल्ल्यावर, खूप लिहिले गेले आहे; १९९८ मध्येच फ्रॅक या नियतकालिकात त्याचे वर्णन आले होते. तरीही मला ते प्रत्यक्ष कळले, ते एका प्रामाणिक ग्राहकामुळे. शरणपूर रस्त्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचे आडनाव डिसोझा होते आणि ते आपले आडनाव इंग्रजीत, मध्ये एकेरी अवतरणचिन्ह देऊन लिहीत. त्यांचे बुकिंग दर वेळी फसत असे. मी क्वेरीचा मजकूर तुकडे जोडून तयार करत होतो, त्यात नाव अशाच दोन अवतरणचिन्हांमध्ये जाई, आणि त्यांच्या आडनावातल्या चिन्हापाशी डेटाबेसला वाटे की नाव संपले. ज्याच्या नावाने क्वेरी मोडते, त्याच जागी वाईट हेतूचा माणूस ती हवी तशी वळवू शकतो, हे कळायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. तेव्हा मी जी जुनी मायएसक्यूएल फंक्शने वापरत होतो, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली गेली.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरीचा सांगाडा आधी जातो आणि मूल्ये मागाहून वेगळी जातात, त्यामुळे मूल्यातले कोणतेही चिन्ह क्वेरीचा अर्थ बदलू शकत नाही. मात्र दोन बारकावे सुटतात. पीएचपीतून डेटाबेसशी बोलणाऱ्या पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये याचे केवळ अनुकरण करतो, म्हणून ते अनुकरण बंद करावे. आणि टेबलचे किंवा स्तंभाचे नाव अशा रीतीने बांधता येत नाही; यादी कोणत्या स्तंभाने लावायची हे पत्त्यातून येत असेल, तर परवानगी असलेल्या नावांच्या पक्क्या यादीशीच ते ताडून घ्यावे. वेबसाइट ज्या खात्याने डेटाबेसमध्ये शिरते, त्या खात्याला टेबल पाडण्याचा अधिकार देऊ नये, हे तर ओघाने आलेच.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथे थोडे विषयाच्या कडेने लिहितो, कारण याबद्दल लिहिलेले मला फारसे आढळले नाही. "नाशिक" हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोड या लिपी-संकेतांच्या मानकाच्या हिशेबात तो पाच चिन्हांचा आहे आणि ती चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे तो १५ बाइटांचा होतो. पीएचपीचे साधे लांबी मोजणारे फंक्शन १५ हेच उत्तर देते. हे विसरून मी नावाला ३० ची मर्यादा घातली होती, आणि लांब आडनावाच्या यात्रेकरूंची नावे पावतीवर मधेच तुटत होती. याचाच एक गंभीर परिणाम पासवर्डवर होतो. पासवर्ड गुप्त रूपात साठवण्यासाठी वापरली जाणारी बीक्रिप्ट ही पद्धत पासवर्डचे फक्त पहिले ७२ बाइट विचारात घेते. इंग्रजीत ते पुष्कळ आहेत. देवनागरीत ती फक्त २४ चिन्हे झाली. एखाद्याने अभंगाची पूर्ण ओळ पासवर्ड म्हणून ठेवली, तर तिचा शेवट काहीही असला तरी दार उघडते.

आणखी एक जागा म्हणजे अर्धा र. "कुऱ्हाडे" हे आडनाव दोन प्रकारे टंकित होते: एकात नुक्तावाला ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. काउंटरवर काका नाव शोधतात आणि बुकिंग सापडत नाही, तेव्हा बहुधा हेच झालेले असते. नाव साठवताना आम्ही दोन्ही रूपे एकाच रूपात आणून शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवतो.

वेग आणि सुरक्षितता एकाच मुळातून येतात असे मी वर लिहिले, पण दोन ठिकाणी ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि तिथे जाणीवपूर्वक निवड करावी लागते. पहिले ठिकाण कॅशचे, म्हणजे तयार पान काही काळ साठवून तेच पुन्हा देण्याचे. खोल्यांच्या उपलब्धतेचे पान ३० सेकंद कॅश केले, तर गर्दीच्या रात्री डेटाबेसवरचा बहुतांश भार उतरतो, आणि ते पान थोडे शिळे असले तरी अंतिम निर्णय युनिक की करते, म्हणून नुकसान नाही. परंतु त्याच उत्साहात मी एकदा चाचणीच्या सर्व्हरवर सगळ्याच पानांना कॅश लावले आणि माझ्या सहकाऱ्याच्या पडद्यावर माझ्या नावाची पावती उघडली. व्यक्तीनुसार बदलणारे पान सामायिक कॅशमध्ये कधीही जाऊ नये, म्हणून आता आमचा मूळ नियम "साठवू नका" हा आहे आणि कॅशची परवानगी एकेका पानाला नाव घेऊन दिली जाते.

दुसरे ठिकाण पासवर्डचे. तिथे संथपणाच हवा असतो. पासवर्ड तपासायला सर्व्हरला मुद्दाम कष्ट पडावेत अशीच बीक्रिप्टची रचना आहे, आणि त्यातला कष्टाचा आकडा पीएचपी ८.४ ने १० वरून १२ केला, म्हणजे काम चौपट झाले. पण मग लॉगइनच्या पानावर कोणी हजारो खोटे पासवर्ड फेकले, तर तेच संरक्षण सर्व्हरला दमवते. म्हणून प्रयत्नांवरची मर्यादा पासवर्ड तपासण्याच्या आधी असावी लागते, नंतर नाही.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात एवढेच: ब्राउझरने "पैसे भरले" असे सांगणे म्हणजे पैसे आले असे नव्हे. रक्कम फॉर्ममधून घ्यायची नाही, ती सर्व्हरने स्वतः मोजायची. पेमेंट सेवेकडून आलेल्या निरोपाची सही गुप्त किल्लीने पडताळायची. आणि तोच निरोप दोनदा आला तरी नोंद एकदाच व्हावी म्हणून व्यवहार क्रमांकावरही युनिक की ठेवायची. मुदत उलटल्यावर पैसे आले आणि खोली गेलेली असेल, तर परतावा आपोआप सुरू होतो आणि यात्रेकरूला तसे स्पष्ट मराठीत कळवले जाते.

मागच्या महिन्यात आम्ही याची चाचणी काकांच्या काउंटरवरच घेतली. आता त्यांचा मुलगा बराचसा कारभार पाहतो, पण त्या दिवशी काका मुद्दाम आले होते. मी २०९ क्रमांकाच्या खोलीची एकच रात्र मोकळी ठेवली आणि लॅपटॉपवरून त्या एका खोलीसाठी २०० विनंत्या एकाच वेळी सोडल्या. पडद्यावर उत्तरे सरकत गेली. काकांनी चष्मा वर केला आणि विचारले, "किती जणांना मिळाली?" मी त्यांना आकडे दाखवले: एक पावती आणि १९९ नकार. त्यांनी लाल वही उघडली, २०९ च्या ओळीवर बोट ठेवले आणि त्या एका पावतीचा क्रमांक रकान्यात लिहून घेतला.